बारीक केल्याने बॅटरी सुरक्षित कशी होते?

प्रश्न : आमचं घर गलाईवाल्यांचं. वडिलांची सगळी उमर दक्षिणेत सोनं-चांदी गाळण्यात गेली, आता आम्ही विट्यातच असतो. गेल्या वर्षी मुलीला कॉलेजसाठी ई-स्कूटर घेतली. ती रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावतो. स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ पाहून सासूबाईंचा जीव धास्तावलाय. दुकानदार म्हणाले, "नॅनो टेक्नॉलॉजीची बॅटरी आहे, काही होत नाही." नॅनो म्हणजे बारीक, एवढं मला कळतं. पण एखादी वस्तू नुसती बारीक केल्याने बॅटरी सुरक्षित कशी होईल? आणि जास्त कशी टिकेल?
— एक वाचक भगिनी, विटा

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात तुमच्याच घरच्या धंद्यात आहे. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, हे मूस हाताळणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बिस्कीट असो, लगड असो की तराजूतून सांडलेला कण असो, मुशीतलं सोनं तेवढी आच मागणारच. पण हेच सोनं दोन-तीन नॅनोमीटरच्या कणांइतकं बारीक केलं, तर त्याचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी खाली येतो. रंगही बदलतो. मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याचे असे सूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवले, तेव्हा ते पाणी माणकासारखं लाल दिसलं. त्यांच्या बाटल्या तिथे अजून जपून ठेवल्या आहेत. सोनं तेच, कस तोच. फक्त कणाचा आकार बदलला आणि सोन्याची वागणूक बदलली.

हा आकार किती लहान? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आता एक हिशेब पाहा. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा साखरेचा ठोकळा घेतला, तर त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे बोटभर जागा. तोच ठोकळा कापत कापत दहा नॅनोमीटरच्या ठोकळ्यांपर्यंत नेला, तर सगळ्यांच्या बाजू मिळून सहाशे चौरस मीटर भरतात. आपल्या मापात जवळजवळ सहा गुंठे. वजन एका गुंजेनेही वाढलेलं नाही, पण बाहेरच्या जगाशी संबंध येणारी जागा सहा गुंठ्यांची झाली. बॅटरीतला नॅनोचा फायदा या सहा गुंठ्यांतून येतो. तोटाही तिथूनच येतो, त्याकडे पुढे वळू.

आता बॅटरीत आत काय चालतं ते. स्कूटरच्या पेटीत असे कितीतरी सेल एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू असतात. एकीकडे ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचा भाऊ. दुसरीकडे लिथियम असलेलं धातूचं संयुग. मध्ये छिद्रं असलेल्या प्लॅस्टिकचा एक पापुद्रा असतो, त्याला सेपरेटर म्हणतात. तो बहुधा वीस हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, केसाच्या पावपट. हे सगळं एका द्रवात भिजलेलं असतं. चार्जिंग करताना लिथियम या द्रवातून पोहत ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतं, गाडी चालवताना परत फिरतं. सोनी कंपनीने 1991 मध्ये अशी बॅटरी बाजारात आणली. मोबाइल, लॅपटॉप आणि स्कूटर त्याच येण्याजाण्यावर चालतात.

धोका कुठे आहे? तो द्रव पाण्याचा नसतो. कार्बोनेट प्रकारच्या सेंद्रिय द्रावकांचा असतो आणि ती द्रावकं पेट घेतात. सेल फार तापला, आत कुठे धातूचा कण राहून गेला, मार लागला किंवा चुकीच्या चार्जरने जास्त भरला, तर आधी ग्राफाइटवरचा संरक्षक थर शंभर अंशांच्या आसपास उतरू लागतो आणि स्वतःची उष्णता सोडतो. पारा 130 अंशांच्या पुढे गेला की पॉलिथिलीनचा सेपरेटर वितळून आक्रसतो. मग दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. आणखी तापल्यावर काही प्रकारच्या संयुगांतून, विशेषतः कोबाल्ट आणि निकेलवाल्यांतून, ऑक्सिजन सुटू लागतो. जळणारा द्रव, उष्णता आणि ऑक्सिजन एकाच बंद डबीत जमा झाल्यावर दुसरं काय होणार? मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली, ते दृश्य तुमच्या सासूबाईंनीही पाहिलं असेल. त्यांची भीती अडाणी नाही.

दुसरा धोका हळू वाढतो. घाईने किंवा प्रमाणाबाहेर चार्जिंग केलं की लिथियमला ग्राफाइटच्या थरांत शिरायला वेळ मिळत नाही. ते बाहेरच साचतं आणि त्याचे बाभळीच्या काट्यांसारखे बारीक काटे वाढू लागतात. एखादा काटा सेपरेटर भेदून पलीकडे पोचला की आतल्या आत शॉर्टसर्किट.

इथे नॅनोकण कामाला येतात. सर्वात साधा उपयोग सेपरेटरवर होतो. पॉलिथिलीनच्या पापुद्र्यावर अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांचा दोन-तीन हजार नॅनोमीटरचा लेप देतात. अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. भट्टीच्या विटांत आणि मुशींत ते असतं, कारण ते दोन हजार अंशांपर्यंत वितळत नाही. असा लेप दिलेला पापुद्रा तापला तरी एकदम आक्रसत नाही आणि दोन बाजूंमधली भिंत टिकते. हे मोठ्या कणांनी जमलं नसतं. एवढ्या पातळ पापुद्र्यावर जाड कण बसवले तर छिद्रं बुजतील आणि लिथियमची वाट बंद होईल. हा लेप आता प्रयोगशाळेतला राहिलेला नाही, चांगल्या सेलमध्ये तो असतो.

दुसरा उपयोग तुमच्या मुलीच्या स्कूटरशी थेट संबंधित असू शकतो. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या दोन भारतीय संशोधकांनी 1997 मध्ये एक संयुग पुढे आणलं : लिथियम आयर्न फॉस्फेट. बाजारात त्याला एलएफपी म्हणतात. लोखंड आणि स्फुरद, दोन्ही आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे. यातला ऑक्सिजन स्फुरदाशी इतका घट्ट बांधलेला असतो की तापल्यावर तो सहजी सुटत नाही, म्हणून आग भडकण्याचं मोठं कारण तिथेच कमी होतं. पण या संयुगाला एक खोड होती. त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही आणि लिथियमही फार सावकाश सरकतं. सुरक्षित, पण मंद. मग संशोधकांनी कण शेकडो नॅनोमीटरपर्यंत बारीक केले आणि प्रत्येक कणाला कार्बनचा तलम लेप दिला.

बारीक केल्याने फरक किती पडतो, ते ऐकून मला पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. घन पदार्थातून सरकायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर शंभरपट कमी केलं तर वेळ दहा हजारपट कमी होतो. तत्त्वतः पावणेतीन तासांचं काम एका सेकंदावर येतं. आज जगभर बसगाड्यांत, रिक्षांत आणि घरच्या इन्व्हर्टरच्या नव्या बॅटऱ्यांत एलएफपी आहे, त्यामागे या बारीक दळण्याचा आणि कार्बनच्या लेपाचा मोठा वाटा आहे. गुडइनफ यांना 2019 मध्ये स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांचं वय 97 होतं.

टिकण्याचा प्रश्न राहिला. तो समजून घ्यायला विट्याहून आटपाडीकडे, डाळिंबाच्या बागेत जाऊ.

ग्राफाइटचा एक ग्रॅम साधारण 372 मिलिअँपिअर-तास इतका भार साठवतो. सिलिकॉन त्याच्या जवळजवळ दहापट साठवतं. मग सगळे सिलिकॉनच का वापरत नाहीत? कारण लिथियम पोटात घेतलं की सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होतं आणि लिथियम निघून गेलं की पुन्हा आक्रसतं. ताण पडलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी दिलं की डाळिंब तडकतं, हे आटपाडीतलं पोर सांगेल. आतले दाणे फुगतात, सालीला तेवढं ताणता येत नाही, फळ फुटतं. सिलिकॉनच्या मोठ्या कणाचंही तसंच होतं, आणि प्रत्येक तड्यामुळे उघड्या पडलेल्या नव्या जागेवर द्रवातलं लिथियम खर्ची पडतं. काही आठवड्यांत बॅटरी संपते.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात यी कुई यांच्या गटाने 2008 मध्ये सिलिकॉनच्या नॅनोतारा वापरून पाहिल्या. तारांना फुगायला आजूबाजूला जागा मिळाली, त्या तुटल्या नाहीत. पुढे 2014 मध्ये त्याच गटाने जी रचना केली तिला त्यांनी डाळिंबाचंच नाव दिलं. सिलिकॉनचा प्रत्येक नॅनोकण कार्बनच्या एका पोकळीत सैलसर बसवलेला, म्हणजे फुगायला मोकळी जागा ठेवून. असे असंख्य कण दाण्यांसारखे एकत्र बांधलेले आणि सगळ्यांवर मिळून कार्बनची एक साल. आत दाणा हवा तेवढा फुगतो, साल मात्र तडकत नाही. द्रवाचा संबंध फक्त बाहेरच्या सालीशी येतो, त्यामुळे लिथियम वाया जात नाही. एक हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही 97 टक्के क्षमता शिल्लक राहिली. डाळिंब सोलताना आतला पिवळसर पडदा नीट पाहा, दाणे कसे कप्प्याकप्प्यांत धरून ठेवलेले असतात. मला ही कल्पना बॅटरीच्या सगळ्या शोधांत सर्वात देखणी वाटते. त्याआधी 2013 मध्ये याच गटाने भाताच्या तुसातून नॅनोसिलिकॉन काढून दाखवलं होतं. तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत सिलिका भरपूर असते.

आज बाजारातल्या काही बॅटऱ्यांत ग्राफाइटमध्ये थोडं सिलिकॉन मिसळतात. निव्वळ सिलिकॉनची मोठी बॅटरी स्वस्तात करणं अजून अवघडच आहे.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो आपल्या उन्हाळ्याच्या कामाचा आहे. स्टॅनफर्डमध्येच 2016 मध्ये काटेरी निकेलचे नॅनोकण, त्यांवर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थराचा, लेप, आणि हे सगळं पॉलिथिलीनमध्ये बसवून एक पातळ पडदा केला. नेहमीच्या तापमानाला कणांचे काटे एकमेकांना टेकलेले असतात आणि वीज वाहते. साधारण सत्तर अंशांवर प्लॅस्टिक फुगतं, काटे दूर जातात, वीज तुटते. बॅटरी थंड झाली की काटे पुन्हा टेकतात आणि बॅटरी चालू होते. सेलच्या पोटातच बसवलेला, आपोआप पडणारा आणि उठणारा फ्यूज म्हणा ना.

आता सहा गुंठ्यांची दुसरी बाजू. जागा वाढली की नको त्या रासायनिक क्रियांनाही जागा मिळते. नॅनोकण द्रवाशी जास्त झगडतात, जास्त लिथियम खातात. ते भुकटीसारखे विरळ राहतात, त्यामुळे तेवढ्याच डब्यात माल कमी मावतो. ते बनवायचा खर्च जास्त, आणि कारखान्यात ती धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून फार काळजी घ्यावी लागते. म्हणूनच डाळिंबासारखी रचना लागते : आत बारीक, बाहेरून मोठं.

तर दुकानदाराचं वाक्य मला मान्य नाही. नॅनो हा शब्द सुरक्षिततेचा हॉलमार्क नाही. बॅटरी सुरक्षित आहे की नाही हे तिच्या रसायनावर, सेलच्या दर्जावर, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएस नावाच्या सर्किटवर आणि तुम्ही ती कुठे, कशी चार्ज करता यावर ठरतं. त्यांना विचारा : आत एलएफपी आहे की एनएमसी, म्हणजे निकेल-कोबाल्टवालं संयुग? वॉरंटी किती वर्षांची आहे? पॅक एआयएस-156 या मानकावर तपासलेला आहे का? डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत हे मानक कडक झालं. एका सेलमधली आग शेजारच्या सेलमध्ये पसरते का, याचीही चाचणी त्यात आहे. पुण्याच्या एआरएआय संस्थेत या चाचण्या होतात.

आणि ताई, जिन्याखालचं चार्जिंग आजच बंद करा, हे हात जोडून सांगतो. जिना ही घराबाहेर पडायची वाट आहे. धूर सर्वात आधी तिथूनच वर चढेल. स्कूटर अंगणात किंवा ओसरीत, सावलीत लावा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली नको. उन्हातून आल्यावर अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, मगच चार्जर लावा. चार्जर कंपनीचाच असावा. शक्यतो जागेपणी चार्ज करा. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच जुन्या मोबाइलची पाठ एका कडेने उचकटली. आत बॅटरी पापडासारखी फुगली होती. बोटाने दाबली तर मऊ लागली, आणि मी तेही करायला नको होतं. कुठलीही बॅटरी फुगली, गोडसर उग्र वास आला, फुसफुस आवाज आला, तर ती वापरायची नाही, टोचायची नाही. आग लागलीच तर आधी माणसं बाहेर, मग 101.

प्रश्न : हे सगळं संशोधन परदेशातच होतं का? मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याला यात रस आहे.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तसं मुळीच नाही. पुण्यात पाषाण रस्त्यावर सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे बॅटरीत लागणाऱ्या पदार्थांवर काम चालतं. हैदराबादच्या एआरसीआय संस्थेने कार्बनचा लेप दिलेलं एलएफपी देशातच बनवण्याची पद्धत तयार केली. पुण्याच्या आयसर या संस्थेत डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने वर्षानुवर्षं नॅनोपदार्थांवर काम केलं, आणि डिसेंबर 2023 मध्ये केपीआयटी या पुण्याच्याच कंपनीने आयसरसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियम मिठात असतं, त्यासाठी कुणाच्या खाणींकडे डोळे लावून बसावं लागत नाही. ही बॅटरी वजनाच्या मानाने ऊर्जा कमी साठवते, पण रिक्षा, इन्व्हर्टर, सौरपंप यांना ते चालण्यासारखं आहे.

मुलाला लांब जायचं नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. त्याला भौतिकशास्त्राइतकंच रसायनशास्त्र मन लावून करू द्या. या क्षेत्रात दोन्ही लागतात.

प्रश्न : जुन्या लिथियम बॅटऱ्यांत कोबाल्ट, निकेल असतं म्हणतात. आमची भट्टी आहे. मुशीत गाळून ते काढता येईल का?
— एक गलाई व्यावसायिक, विटा

उत्तर : नाही. कृपा करून करू नका. तुमच्या कौशल्याबद्दल मला फार आदर आहे. सराफाच्या दुकानातल्या झाडलोटीतूनही सोनं वेगळं काढणारी माणसं विट्याने देशभर दिली. पण ही बॅटरी सोन्यासारखी नाही. जुनी, मेलेली वाटणारी बॅटरी आत अजून चार्ज असू शकते आणि फोडताक्षणी पेटते. तिच्यातला लिथियमचा फ्लोरिनयुक्त क्षार पाण्याशी किंवा दमट हवेशी गाठ पडली की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार करतो. ते काचेलाही खातं. कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत पोचतं. तुमच्या नायट्रिक अ‍ॅसिडच्या सवयीचे हातमोजे आणि धुराडं इथे पुरणार नाहीत.

रीतसर पद्धतीत बॅटऱ्या आधी पूर्ण उतरवतात, मग हवा काढलेल्या किंवा नायट्रोजन भरलेल्या यंत्रात त्यांचे तुकडे करतात. त्यातून एक काळी भुकटी निघते. ती अ‍ॅसिडमध्ये विरघळवून एकेक धातू वेगळा काढतात. शेवटचा टप्पा तुमच्या कामाच्या फार जवळचा आहे, म्हणून विट्यातली मंडळी पुढेमागे परवाना घेऊन, योग्य यंत्रणा उभारून या धंद्यात आली तर मला मनापासून आनंद होईल. तोवर एक गोष्ट सर्वांनीच करावी. 24 ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती भंगारात देऊ नका, भट्टीत टाकू नका. जिथून घेतली त्या दुकानात किंवा अधिकृत संकलन केंद्रात परत द्या, आणि देण्याआधी तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा.